चोरलेल्या वेळेची चोरी

२००७ सालची सुरुवात. न्यूयॉर्ककडच्या एका श्रोत्याने जॉयस हॅटो या इंग्लिश पियानोवादक बाईंची एक सीडी आपल्या संगणकात घातली. तीत फ्रान्झ लिस्टचे ‘ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स’ होते, म्हणजे वादकाची बोटं पिळून काढणाऱ्या बारा रचना. पडद्यावर मात्र नाव उमटलं भलत्याच माणसाचं : लास्लो सिमोन. त्या काळी संगीताच्या बहुतेक सीडींवर वादकाचं नाव साठवलेलंच नसे. संगणक सीडीवरच्या प्रत्येक तुकड्याची लांबी बघायचा आणि तेवढ्याच लांबीचे तुकडे, त्याच क्रमाने, आणखी कुठल्या सीडीवर आहेत ते इंटरनेटवरच्या सूचीत शोधायचा. त्या यंत्राला स्वर कळत नव्हते, की शैली. त्याने फक्त वेळ मोजला होता.

हॅटोबाईंची तोवर दंतकथा झालेली होती. जन्म १९२८चा, लंडनचा. सत्तरच्या दशकात त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या. कर्करोग झाल्याचं सांगितलं जाई. मग उतारवयात, नवऱ्याच्या छोट्याशा कंपनीकडून त्यांच्या सीडींचा पाऊस सुरू झाला. बेटोव्हेन, शोपँ, लिस्ट, रॅखमानिनॉफ असं करत शंभराहून अधिक सीडी आल्या. आजारी म्हातारी घरात बसून पियानोचं अख्खं साहित्य वाजवून काढते आहे, ही गोष्टच अशी होती की ऐकणाऱ्याचा कान आधीच हळवा होऊन बसे. जाणत्या समीक्षकांनी त्यांना जगातल्या थोर वादकांच्या पंक्तीत नेऊन बसवलं. २००६च्या जूनमध्ये त्या गेल्या तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी मोठाले मृत्युलेख छापले.

त्या श्रोत्याचा निरोप एका समीक्षकाकडे गेला, तिथून ‘ग्रामोफोन’ या लंडनच्या मासिकाकडे. ध्वनितंत्रज्ञाने हॅटो आणि सिमोन यांच्या ध्वनिमुद्रणांची तरंगचित्रं एकाखाली एक लावली. जुळी भावंडं म्हणावीत तर तेवढाही फरक नव्हता. मग दुसरी सीडी निघाली, तिसरी निघाली, प्रत्येकीमागे वेगळाच वादक. बाईंचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप यांनी आधी कानांवर हात ठेवले आणि काही दिवसांतच कबुली दिली. त्यांचं म्हणणं असं की वाजवताना पत्नी वेदनेने कण्हायची. ते आवाज झाकायला दुसऱ्यांच्या वादनाचे तुकडे जोडायला सुरुवात केली आणि तुकडे वाढत गेले.

याच सुमाराला, लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे दोघं संगीतसंशोधक, हॅटोबाईंशी काही देणंघेणं नसताना, शोपँच्या माझुर्का मोजत बसले होते. एकेका माझुर्काची डझनावारी ध्वनिमुद्रणं गोळा करायची, प्रत्येकातली मात्रा न् मात्रा कुठे पडते ते टिपायचं आणि आलेख एकमेकांशी ताडून बघायचे, हे त्यांचं काम. त्यात दोन आलेख तंतोतंत जुळले. एक जॉयस हॅटो यांचा, दुसरा यूजिन इंजिच या वादकाचा. असा निकाल आला की कुणीही आधी आपल्याच फायलींची सरमिसळ झाली असेल असं समजेल. सरमिसळ झालेली नव्हती.

समीक्षकांच्या कानांना जे उमगलं नाही ते एका वेड्यावाकड्या रेषेला उमगलं. ही रेषा काढायला माणसं शिकली कशी, आणि तिच्यात असतं तरी काय, हा या लेखाचा विषय.

पियानोची अडचण

आपल्याकडे गाणारा स्वर लावतो आणि मग त्याचं काय काय करतो! मींड घेतो, आंदोलन देतो, फुगवतो, विरवतो. सारंगीवाल्याचा गज स्वराची पाठ सोडत नाही. पेटीवाल्याला मींड नसली तरी भाता आहे. पियानोवाल्याकडे यातलं काहीच नाही. पट्टी दाबली की आतली लाकडी हातोडी तारेकडे झेपावते, पण तारेला भिडण्याच्या क्षणभर आधी ती पट्टीपासून सुटते. १७०० सालच्या आसपास फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने केलेली ही करामत. हातोडी सुटलीच नसती तर तारेवरच दबून बसली असती आणि आवाज मेला असता. पण सुटल्यावर वादकाचा तिच्यावर काही हक्क उरत नाही. गोफणीतून सुटलेला दगडच तो. स्वर उमटला की विरत जातो. फार तर पट्टी किंवा पायातलं पेडल सोडून तो लवकर संपवता येतो, पण वाढवता येत नाही आणि वळवताही येत नाही.

म्हणजे पियानोवाल्याच्या हातात राहिलं काय? किती जोराने, आणि केव्हा. एवढ्यावर त्याला हसवायचं, रडवायचं असतं.

कलावंताची ही गरिबी शास्त्रज्ञाच्या पथ्यावर पडली. गाणं मोजायला गेलं तर शंभर गोष्टी एकात एक गुंतलेल्या. पियानोचं वादन मात्र जवळजवळ सगळं आकड्यांत मांडता येतं : कुठली पट्टी, कधी, किती वेगाने, केव्हा सोडली. त्यामुळे ‘भाव कुठून येतो’ हा प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा झाला तेव्हा पहिला मान पियानोला मिळाला.

या ‘केव्हा’ला युरोपात जुना शब्द आहे : तेम्पो रुबातो. इटालियन. शब्दशः अर्थ, चोरलेला वेळ. एका स्वराचा थोडा वेळ चोरायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. त्याची जुनी रीत आपल्याला परकी वाटू नये. १७७७ साली मोझार्टने आउग्सबुर्गहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की संथ रचनेत आपला उजवा हात इकडेतिकडे होतो पण डाव्याला त्याची खबर नसते, आणि याचं इथल्या लोकांना नवल वाटतं. शोपँही शिष्यांना डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा स्थिर ठेवायला सांगे, असं त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे डाव्या हाताने ठेका धरायचा आणि उजव्याने ख्याल गायचा! समेच्या किंचित मागे येण्याला ‘अतीत’ आणि आधी येण्याला ‘अनागत’ अशी नावं ठेवणाऱ्या परंपरेला हे समजावून सांगायला नको. पुढे मात्र रुबातोचा दुसरा प्रकार रूढ झाला. त्यात दोन्ही हात मिळून सगळी लयच ताणतात आणि सैल सोडतात. आपल्याकडे भजनात लय पळाली की टाळकऱ्यांकडे डोळे वटारून बघतात. तिकडच्या पियानोवादकाने ती पळवली नाही, रेंगाळवली नाही, तर श्रोते घड्याळाकडे बघू लागतात.

रबराची नळी आणि हातोड्यांचा कॅमेरा

या बाबतीत यंत्र लावून बघणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एकाचं नाव शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगळ्याच कारणाने पाठ असतं. आल्फ्रेड बिने, बुद्धिमापन चाचणीचा जनक. ती चाचणी यायला दहा वर्षं अवकाश होता तेव्हा, १८९५ साली, पॅरिसमध्ये त्याने आणि ज्यूल कूर्तिये याने पियानोच्या पट्ट्यांखाली रबराची नळी बसवली. पट्टी दाबली की नळीतली हवा दबायची आणि दुसऱ्या टोकाला लेखणी कागदावर चढउतार काढायची. अनुभवी वादकांनी ‘अगदी एकसारखं’ वाजवलेलंही कागदावर एकसारखं उतरत नव्हतं.

पुढचा मोठा टप्पा अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा. तिथे कार्ल सीशोर या मूळच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात पियानोच्या आतल्या हातोड्यांचंच चित्रण करणारा कॅमेरा उभा केला. हातोडी केव्हा हलली आणि किती वेगाने, हे फिल्मवर रेघांच्या रूपात उतरे, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. हॅरल्ड बाउअरसारखे नामवंत वादक त्या पियानोवर बसून शोपँ वाजवून गेले. सीशोरच्या हाती दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे वादकाने तीच रचना पुन्हा वाजवली की तेच ताण, तीच ढील त्याच जागी येते. लहर म्हणावी तर लहरीला इतकी स्मरणशक्ती नसते. दुसरी जास्त गमतीची. वादकाला मुद्दाम ‘आता भावबिव काही नको, मेट्रोनोमसारखं सरळ वाजव’ असं सांगितलं, तरी जुनी वळणं पुसट होऊन का होईना, राहतच. साठ वर्षांनी दुसऱ्यांनी नव्या यंत्रांवर हे पुन्हा तपासलं आणि तेच निघालं.

सीशोरने याचं सूत्र बांधलं : कलेतला भाव म्हणजे नियमितपणापासून ढळणं. सूत्र सुटसुटीत आहे, पण मला ते अर्धंच वाटतं. ढळणं म्हटलं की आधी सरळ रेषा खरी आणि वळण मागाहून आलेलं, असं होतं. प्रत्यक्षात सरळ वाजवणं हीच वादकाला घडवून आणावी लागणारी गोष्ट आहे. वळण आपोआप येतं. ते कुठून येतं, हे कळायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

नी सा ग प आणि वरचा सा

१९८६च्या एप्रिलमध्ये पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ मॉस्कोत वाजवायला गेला. १९२५ साली देश सोडलेला माणूस एकसष्ट वर्षांनी परतला होता. कार्यक्रमानंतरच्या आग्रहात त्याने रॉबर्ट शूमानची ‘ट्रॉयमराय’ ही चिमुकली रचना घेतली. नावाचा अर्थ स्वप्नरंजन. १८३८ सालच्या ‘बालदृश्यं’ या मालेतली ही सातवी. चोवीस आवर्तनांची, चांगल्या विद्यार्थ्याला वाजवता येईल अशी. त्या मैफलीच्या चित्रीकरणात सभागृहातला एक माणूस दिसतो. चेहरा स्थिर आणि गालावरून ओघळणारं पाणी.

हीच रचना अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत ब्रूनो रेप या संशोधकाने निवडली. ही प्रयोगशाळा मुळात बोलण्याचा अभ्यास करणारी. रेपने ‘ट्रॉयमराय’ची २४ नामवंत वादकांची २८ ध्वनिमुद्रणं जमवली. आल्फ्रेड कोर्तो आणि होरोविट्झ यांची प्रत्येकी तीन. संगणकाच्या पडद्यावर ध्वनीची लहर पसरवून प्रत्येक स्वर नेमका कुठे सुरू होतो ते तो बघत गेला. एकेक स्वर, एकेक वादक. १९९२ साली त्याचा निबंध आला आणि या विषयाला पक्का पाया मिळाला.

सुरुवातीची ओळ आपल्या भाषेत सांगायची तर अशी : मंद्र पंचमावरून षड्जावर यायचं आणि थांबायचं. मग नी, सा, ग, प असं चढत तार षड्जाला टेकायचं. चार आवर्तनांनी हीच चढण पुन्हा येते, पण या वेळी तार षड्जावर न थांबता थेट तार गंधार गाठते. स्वर इतकेच. कागदावर ते सारख्या लांबीचे लिहिलेले आहेत. एकाही वादकाने ते सारखे वाजवले नाहीत. चढताना पावलं आधी किंचित घाईत पडतात, मग शिखर जवळ येईल तशी लांबत जातात. रेपने या लांब्यांचे बिंदू जोडले तर पॅराबोला निघाला, वर फेकलेला चेंडू काढतो तो वळसा. कुणाचा वळसा उथळ, कुणाचा खोल, पण जात एक. मग त्याने याच चढणीचे संगणकावर वेगवेगळे नमुने करून श्रोत्यांना ऐकवले. पसंती मिळाली ती वळशाच्या जवळ जाणाऱ्यांना.

रचनाभर पाहिलं तर सगळ्यांचं एकमत होतं ते वाक्यांच्या शेवटी. छोटं वाक्य संपलं की थोडा ठहराव, मोठं संपलं की मोठा, आणि रचना संपताना सगळ्यात मोठा. बोलतानाही आपण हेच करतो. ‘तो आला, बसला, पाणी प्यायला आणि गेऽला’ यातला ‘गे’ आपण कळत नकळत लांबवतो, आणि ऐकणाऱ्याला वाक्य संपल्याचं कळतं. इंग्लंडमध्ये नील टॉडने १९८५ सालीच हे गणितात बांधून दाखवलं होतं. वाक्यरचना किती पातळ्यांवर संपते आहे तेवढा थांबा लांब. म्हणजे वादक वेळ ढळवत नाही. तो रचनेचं व्याकरण मोठ्याने वाचतो आहे.

रेपच्या आणखी एका प्रयोगावर मी बराच वेळ अडलो. त्याने एक रचना संगणकाकडून अगदी सपाट, घड्याळी वाजवून घेतली आणि तिच्यात मधूनच एखादा स्वर चिमूटभर लांबवला. श्रोत्यांनी फक्त सांगायचं, कुठे लांबला. सपाट वादनात ही चिमूट सगळीकडे सारखीच ऐकू यायला हवी ना? तशी ती आली नाही. जिथे वादक एरवी रेंगाळतात, नेमकं तिथे श्रोत्यांना ती कळेना. जिथे कुणी रेंगाळत नाही तिथे चटकन कळली. याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं घड्याळही त्याच जागी मंद होत असतं. वादक वेळ चोरतो तेव्हा श्रोत्याने दार आधीच उघडं ठेवलेलं असतं.

धावणारा माणूस कसा थांबतो

स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात योहान सुंडबेर्ग आणि त्याचे सहकारी उलट्या टोकाने चालले होते. ते मोजण्याऐवजी शिकवत होते. लार्स फ्रिडेन हा मुरलेला व्हायोलिनवादक संगणकाचं वादन ऐके आणि विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगे : हा स्वर आखूड कर, इथे श्वास घे, लहान-मोठ्यातला फरक वाढव. त्याचा सल्ला नियम म्हणून संगणकात घातला जाई, पुन्हा ऐकला जाई, पटला नाही तर बदलला जाई. गुरुमुखी विद्येचा हा कोरडा अवतार वाटेल, पण यातून कामाला येणारी नियमावली तयार झाली.

याच गटातल्या अँडर्स फ्रीबेर्ग आणि सुंडबेर्ग यांनी १९९९ साली एक साधा प्रश्न घेतला. रचनेच्या शेवटी लय मंदावते ती कशी मंदावते? त्यांनी उत्तर शोधलं धावणाऱ्यांच्या पायांत. माणसं पळता पळता थांबतात तेव्हा त्यांचा वेग कसा उतरतो ते मोजलं आणि संगीतातल्या शेवटच्या उताराशेजारी ठेवलं. दोन्ही वक्ररेषा एकाच घराण्याच्या निघाल्या. श्रोत्यांनाही तसाच उतार रुचला. सुरुवातीला वेग जेमतेम कमी होतो आणि अखेरच्या पावलांत झपाट्याने.

व्हिएन्नाचं दालन वेगळं. तिथल्या बोझेनडॉर्फर कारखान्याने संगणक जोडलेला पियानो केला होता. प्रत्येक पट्टीची हालचाल तो टिपून ठेवतो आणि नंतर स्वतःच वाजवून दाखवतो. १९८९ साली सत्तरी ओलांडलेला निकिता मगालॉफ व्हिएन्नाच्या कॉन्झर्टहाउसमध्ये अशाच पियानोवर शोपँच्या पियानोरचना मैफलींच्या मालिकेत वाजवून गेला. तीन लाखांहून अधिक स्वर आकड्यांत उतरले. गेर्हार्ड विडमरच्या गटाने असे साठे यंत्राला चारले आणि ‘तूच नियम शोध’ म्हणून सोडून दिलं. यंत्राने शोधलेल्या नियमांपैकी एक असा : दोन सारखे आखूड स्वर आणि मग एक लांब स्वर आला, तर लांबाच्या अलीकडचा स्वर किंचित ताण. कुठल्याही गुरूने हे वहीत लिहून दिलेलं नाही. पण बहुतेक वादकांचे हात ते करतात. विडमरने एका लेखाला नाव दिलं होतं ‘होरोविट्झ घटकाच्या शोधात’. नियम सापडले, ढोबळ प्रवृत्ती सापडल्या, होरोविट्झ मात्र नियमांच्या जाळीतून खालीच गळत राहिला.

यंत्र कानाची समजूत कशी दुरुस्त करतं त्याचा मासलाही याच शहरातला. चांगल्या वादनात चाल वाजवणारं बोट सोबतीच्या स्वरांपेक्षा तीसेक मिलिसेकंद आधी येतं, हे पूर्वीच लक्षात आलं होतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. चाल उठून दिसावी म्हणून वादक ती मुद्दाम पुढे काढतो, असं मानलं जाई. २००१ साली वेर्नर ग्योबलने २२ वादकांकडून शोपँ वाजवून घेतला आणि हातोडी तारेला भिडते तो क्षण न धरता बोट पट्टीला भिडतं तो क्षण धरला. सगळी बोटं जवळजवळ एकाच वेळी पोचत होती! चालीची पट्टी जोरात दाबली जाते, म्हणून तिची हातोडी लवकर पोचते. हळुवार दाबलेल्या पट्टीची हातोडी तारेपर्यंत जायला दीड-दोनशे मिलिसेकंद घेऊ शकते, जोरात मारलेलीची वीस-पंचवीसच. वादक जोर ठरवतो, वेळेचा हिशेब लाकूड आणि लोकर परस्पर करतात. हातोडीच्या डोक्याला लोकरीचा जाड थर असतो, म्हणून लोकर.

मोजमापाला असा मान आहे तो यासाठी. कवतिकाने रचलेली गोष्टही ते कधी कधी मोडतं.

सरासरीचं सौंदर्य

मग एक खट्याळ प्रश्न उरतोच. सगळ्यांचे ताण मिळवून भागाकार केला तर? रेपने तेही करून पाहिलं. संगीताच्या उच्च वर्गातल्या दहा विद्यार्थ्यांच्या ‘ट्रॉयमराय’ची सरासरी काढून ती संगणकाकडून वाजवून घेतली, सगळ्यांच्यात मिसळली आणि ऐकणाऱ्यांना गुण द्यायला सांगितले. सरासरीचं वादन गुणवत्तेत अगदी वरच्या रांगेत आलं. वेगळेपणात तळाशी.

हे वाचून मला आधी वाईट वाटलं, मग सुटल्यासारखं. सरासरी सुंदर असते कारण जे सगळ्यांना पटतं तेवढंच तिच्यात शिल्लक राहतं : व्याकरण, श्वास, शरीराची थांबण्याची रीत. चांगलं वाजवणं शिकवता येतं ते याच बळावर. पण २८ ध्वनिमुद्रणांच्या अभ्यासात सगळ्यांपासून लांब जाऊन पडलेली दोन नावं होती होरोविट्झ आणि कोर्तो. श्रोते रांगा लावत होते ते या दोघांसाठी. सरासरीला कुणी तिकीट काढत नाही.

माझुर्काची तिसरी मात्रा

आता शोपँकडे आणि हॅटोबाईंकडे परत. माझुर्का हे पोलंडचं तीन मात्रांचं लोकनृत्य. त्यात वजन पहिल्या मात्रेवरून घसरून दुसऱ्या-तिसऱ्यावर जातं आणि त्या मात्रा लांबतात. स्वतः शोपँ त्या इतक्या लांबवायचा की भांडणं झाली. त्याचा शिष्य लेन्झ लिहितो की संगीतकार मायरबेअर एकदा शिकवणीच्या वेळी आला आणि ‘हे दोन मात्रांचं आहे’ म्हणाला. शोपँ संतापला. दुसरा वादक चार्ल्स हॅले याने तर चार मात्रा मोजून दाखवल्या. त्या वेळी शोपँ हसला आणि हे आमच्या मातीतलं आहे अशा अर्थाचं काही म्हणाला. तीन लिहिलेलं कुणाला दोन, कुणाला चार ऐकू येतं. वेळेशी इतकी सलगी करणारं संगीत मोजायला मिळणं ही संशोधकाला मेजवानीच.

म्हणून कुक आणि सॅप यांनी माझुर्का निवडल्या. काम करायची रीत कुणालाही करता येईल अशी आहे. ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात झालेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वादन ऐकत कळफलकावर मात्रा मारायच्या, मग ध्वनीच्या चित्रात बघून प्रत्येक खूण स्वराच्या सुरुवातीला नेऊन चिकटवायची. मी एका संध्याकाळी एका माझुर्काची पहिली आठ आवर्तनं घेऊन बसलो. पहिल्या फेरीत माझं बोट आणि वादकाचा स्वर दर तिसऱ्या मात्रेला फारकत घेत होते. मी तिथे पोचलेलो, तो अजून वाटेत. पाचव्या-सहाव्या फेरीत बोट थांबायला शिकलं. तेव्हा कळलं की मी माझुर्का मोजायला बसलो होतो आणि हा अनोळखी माणूस मला ती शिकवत होता.

असे आलेख वादकावादकांत मिळतेजुळते असतात, पण तंतोतंत कधीच नसतात. आर्थर रुबिनस्टाइनने माझुर्का आयुष्यात तीनदा ध्वनिमुद्रित केल्या आणि रुबिनस्टाइन रुबिनस्टाइनशीही पुरता जुळत नाही. कारण उघड आहे. अर्ध्या सेकंदाच्या अंतरात बारा-तेरा मिलिसेकंदांचा फरक कसलेल्या कानाला कळतो, पण शेकडो मात्रांवर तेवढी बारीक नक्कल कुठल्याही हाताला, स्वतःच्याच हातालाही, साधत नाही.

बॅरिंग्टन-कूप ध्वनिमुद्रणातला जाणकार होता. काही तुकड्यांचा वेग त्याने संगणकाने कमी-जास्त केला होता, आवाजाचा पोतही बदलला होता, म्हणजे ओळख पटू नये. पण सगळी रचना सारख्या प्रमाणात ताणली की मात्रांचं एकमेकींशी प्रमाण तेच राहतं. फोटो मोठा केला म्हणून नाक बदलत नाही. सॅपच्या गणिताला एकूण वेगाशी कर्तव्य नव्हतं. त्याने प्रमाणं बघितली, आणि प्रमाणं इंजिचची होती.

नेदरलँड्सच्या पीटर देझें आणि हेंक्यान होनिंग यांनी १९९३ सालीच बजावलं होतं की लय म्हणजे रबर नव्हे. वादक वेग वाढवतो तेव्हा ताणांची जागा आणि जातही बदलतो, आणि छोटे सजावटीचे स्वर तर वेगाबरोबर ताणलेच जात नाहीत. म्हणजे यंत्राने ताणलेलं वादन कुठेतरी कृत्रिम लागायला हवं. पुढे होनिंगने प्रयोग करून दाखवलं की मूळ आणि ताणलेलं वादन श्रोते नुसत्या योगायोगापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखतात. तरीही हॅटोबाईंच्या बाबतीत थोरामोठ्यांचे कान फसले. त्यांचे कान वाईट होते म्हणून नव्हे. त्यांच्या हातात स्वरांबरोबर एक करुण कहाणीही दिली होती, आणि ते कहाणी ऐकत होते.

म्हणून मोजण्याने कलेचा जीव जातो ही ओरड मला पटेनाशी झाली. बिनेच्या नळीपासून सॅपच्या आलेखापर्यंत शंभराहून अधिक वर्षांत निघालेला निष्कर्ष एवढाच आहे : चोरलेल्या वेळेचा मोठा भाग सगळ्यांच्या मालकीचा असतो आणि उरलेला छोटासा भाग एकाच माणसाचा. तो शिकवता येत नाही, सरासरीत टिकत नाही आणि नाव बदलून विकला तरी मालकाला सोडत नाही.

हॅटोबाईंच्या नावावर वाखाणलेल्या त्या माझुर्का यूजिन इंजिचच्या नावाने आधीपासून बाजारात होत्या. तेव्हा त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नव्हतं.